तुझं काम तपासतं कोण?

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी माझ्या त्या प्रश्नावर तर्री-पोहे अर्धे टाकून उठलीस, ते आईला फार लागलं. मलाही. तुझ्या सीए साहेबांनी एका पार्टीची, म्हणजे अशिलाची, सगळी वही तुझ्यावर सोपवली, चांगलंच झालं. ती तपासतं कोण, हे आता विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो आहे.

तू म्हणालीस, "ट्रायल जुळलं ना बाबा, मग?" अगं, ट्रायल म्हणजे जमा-नावेच्या बेरजांचा ताळा, टॅली सॉफ्टवेअरमध्ये ते जुळणारच. दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय व्हाउचर, म्हणजे नोंद, सेव्हच होत नाही. ५,४८० चं बिल ५,८४० टाकलंस तर दोन्हीकडे ५,८४० च बसतात. उघडं पडतं ते बिल देणाऱ्याचा खातेउतारा आला की. फरक ३६०, नवाने भाग जातो. असा फरक दिसला की आधी अदलाबदल झालेले आकडे शोधायचे.

याहून वाईट ते छिंदवाड्याकडच्या मालाचं बिल. पुरवठादाराचा जीएसटी नंबर २३ ने सुरू, म्हणजे मध्य प्रदेश; आपल्या पार्टीचा २७ ने, म्हणजे महाराष्ट्र. म्हणून दोन राज्यांमधला कर, आयजीएसटी. घाईत एकाच राज्यातल्या मालासारखं सीजीएसटी-एसजीएसटी निम्मं निम्मं टाकलं तर बेरीज तीच, देणं तेच, कुणाला पत्ताही लागत नाही. १४ तारखेला टूबी, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटची पोर्टलवरची यादी, येते तेव्हा कळतं की आपल्या वहीत क्रेडिट भलत्याच रकान्यात आहे, आणि २० ला थ्रीबी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायची. जाणत्या माणसाने एंट्री होतानाच नजर टाकली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. म्हणून विचारत होतो, तपासतं कोण.

रोख खातं महिनाअखेरीचं नको, रोजच्या तारखेचं बघ. मधेच एखाद्या दिवशी शिल्लक उणे दिसली तर बहुधा जमेची तारीख चुकलेली असते, नाहीतर बँकेतून काढलेल्या पैशाची कॉन्ट्रा, म्हणजे बँक-रोख यांच्यातली नोंद, राहिलेली असते. आणि एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली की तो खर्च आयकरात सहसा धरत नाहीत. व्यापारी म्हणेल, "मॅडम, नऊ-नऊ हजारांची दोन व्हाउचरं करून टाका." त्याने सुटत नाही, बेरीज दिवसाची धरतात. तू हो-नाही काही बोलू नकोस, साहेबांकडे पाठव.

झालं माझं भाषण सुरू. माफ कर. सातवीत असताना आईच्या भिशीची वही तुझ्याकडे होती. पाच रुपये कमी आले म्हणून तू सुधाकाकूच्या दारात जाऊन उभी राहिलीस, आणि ती हसत होती तरी तू हलली नाहीस. आजी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आता "आमची मृणाल सीएच्या ऑफिसात असते" हे मीही इतवारीत चार जणांना सांगून झालंय, ते वेगळं.

साहेबांना सीझनमध्ये वेळ नसतो, मान्य. मग दर शनिवारी दहा मिनिटं माग. प्रश्न आठवडाभर एकाच कागदावर लिहून ठेव. कळलं नाही ती एंट्री सस्पेन्सला, म्हणजे उलगडा होईपर्यंतच्या तात्पुरत्या खात्याला, टाक, अंदाजाने 'किरकोळ खर्चा'त ढकलू नकोस. आठवड्याच्या व्हाउचरांपैकी दहा त्यांना स्वतः निवडू दे, तू निवडलीस तर सोपीच निवडशील. बँक रिको, म्हणजे आपली वही आणि बँकेचा उतारा यांचा मेळ, त्यांच्यासमोर उघड: तीन महिन्यांपूर्वीचा न वटलेला चेक दिसला तर तो आता वटणार नाही, त्याचं काय करायचं ते तेच सांगतील. तपासलं तिथे त्यांची सही आणि तारीख घे. त्या दिवशी काय शिकलीस, कुठे चुकलीस, हे तुझ्या डायरीत लिही, पण पार्टीचं नाव नको. उद्या अनुभवाचं पत्र मागशील तेव्हा काय काय केलंस हे त्या डायरीवरूनच सांगता येईल.

पोर्टलवर 'फाईल'चं बटण त्यांनी बघितल्याशिवाय दाबू नकोस. कुणाचं डिजिटल सहीचं टोकन तुझ्या ड्रॉवरमध्ये राहू देऊ नकोस, ऑफिसातल्या कुणी "राहू दे गं" म्हटलं तरी.

आईने लोणच्याची बरणी बांधून ठेवली आहे, शनिवारी येशील तेव्हा घेऊन जा. येताना तो प्रश्नांचा, सही घेतलेला कागदही आण. सही कुणाची आहे एवढंच बघतो, बाकी काही बोलत नाही.

तुझा
बाबा