टेक्ससमधल्या फोर्क तलावावरच्या काकांना: तुमची मासे गरवायची काठी आमच्याकडे राहिली आहे

काका,

सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, फोन नंबर घ्यायचा राहिला, आणि तुमची काठी मात्र आमच्या घरी राहिली. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. डॅलसकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी वाचून "अहो, हे तर आपले अमुक" म्हणालं तर बरं.

मार्चमधला शनिवार. बोटी उतरवतात त्या रॅम्पशेजारचा लाकडी धक्का, मी आणि माझा १२ वर्षांचा मुलगा. सकाळपासूनचा तिसरा बास (इथला गोड्या पाण्यातला मासा) धक्क्याजवळ येऊन सुटला आणि मी पोरावर खेकसले, "किती जोरात ओढतोस रे! धसमुसळा कुठला!" मराठीत खेकसले, कारण इथे कुणाला कळतंय! तर मागून आवाज, "पोराले कायले बोलता ताई? त्याची चूक नाही, काठीची हाय."

टेक्ससात वऱ्हाडी ऐकून आधी हसू आलं, मग लाज वाटली.

खरं तर मी रेवदंड्याची. बाबा नुसत्या हातदोऱ्यावर गरवायचे. काठी नाही, रीळ नाही, मासा लागला की बोटाला कळायचं. त्यामुळे इथे दुकानात काठ्यांची रांग बघून माझ्या डोक्यात एकच, मजबूत पाहिजे. घेतली ७ फुटी, हेवी, फास्ट. म्हणजे ताठ, आणि वाकली तरी फक्त शेंड्याला वाकणारी. महागातली होती, त्यामुळे चांगलीच असणार असंही धरून चालले.

तुम्ही ती हातात घेतलीत आणि मुठीच्या वरची बारीक अक्षरं वाचलीत. मी एकदाही वाचली नव्हती. आमिषाचं वजन अर्धा ते दीड औंस, असं चक्क छापलेलं होतं. आमचं क्रँकबेट, म्हणजे ओढलं की माशासारखं पळणारं टणक आमिष, पाव औंसाचं, जेमतेम ७ ग्रॅम. एवढ्याशा वजनाला ती काठी वाकणार कशी? आणि वाकलीच नाही तर फेकणार काय? म्हणून आमिष पंधरा पावलांवर पडत होतं आणि चाक फिरून दोरा सोडणाऱ्या आमच्या बेटकास्टर रिळावर गुंता होत होता. पोरगं सकाळपासून गुंते सोडवत बसलेलं, आणि त्यावरूनही मी बोललेच होते.

मग तुम्ही माझा कॉफीचा थर्माकोलचा पेला मागितलात. थोडं पाणी भरून धक्क्यावर ठेवलात, क्रँकबेटच्या पोटाखालच्या तीन टोकांच्या गळाचं एक टोक पेल्याच्या काठात अडकवलंत आणि मुलाला म्हणालात, ओढ. आमच्या काठीने हिसका बसला, गळ थर्माकोलचा तुकडा घेऊन सुटला. दुसऱ्या बाजूला परत अडकवून तुमची जुनी फायबरग्लासची काठी दिलीत, मीडियम पॉवर, मॉडरेट अ‍ॅक्शन. ती पार मध्यापर्यंत वाकली आणि पेला निमूट सरकत आला. बास पळत्या क्रँकबेटला तोंड मारतो तेव्हा ती बारीक टोकं जेमतेम रुततात. पुढे तो डोकं झटकतो, उडी मारतो, ते सगळे झटके काठीने गिळायचे. ताठ काठीला ते जमत नाही, ती जखम मोठी करते आणि गळ निसटतो. आमचे तीन मासे कुठे गेले ते त्या पेल्यात दिसलं.

मी लगेच म्हणाले, मग ही काठी परतच करते. तुम्ही उत्तर न देता पायातली रबरी चप्पल काढलीत! मऊ प्लास्टिकचा किडा, त्यात एकच जाड गळ, टोक किड्याच्या अंगातच दडवलेलं. ही टेक्सस रिग. १९८० मध्ये फोर्कचं धरण पुरं झालं, पाण्यात गेलेली झाडं आजही तिथे उभी आहेत. उघडा गळ त्या लाकडात अडकून बसतो, म्हणून ही लपवाछपवी. पण मग गळाला आधी किड्यातून बाहेर यायचं आणि नंतर जबड्यात घुसायचं असतं. चप्पल म्हणजे जबडा धरून ओढून पाहिलं, तर तुमच्या मऊ काठीने चपलेवर ओरखडाही उठला नाही. आमच्या 'वाईट' काठीने एका हिसक्यात गळ रबरात खोल घुसला, काढताना चप्पल फाटली. "गळ कसा रुतायचा ते पहा, मंग काठी पहा," एवढं पोराला सांगितलंत.

पॉपरसारख्या वर तरंगणाऱ्या आमिषाला साडेसहा फुटांची आखूड काठी, म्हणजे शेंडा पाण्यावर आपटत नाही, आणि मोनोचा, म्हणजे साधा नायलॉनचा दोरा, कारण फ्लुरोकार्बनचा दोरा बुडतो. ड्रॉपशॉटसारख्या (खाली वजन, वर छोटं आमिष) हलक्या कामाला मीडियम-लाइट स्पिनिंग काठी. रबरी बेडूक शेवाळात टाकायचा तर सगळ्यांत ताठ काठी आणि ५० पौंडी वेणीचा दोरा. हे सगळं मुलाने वहीत उतरवलंय. आम्ही बेडकापर्यंत पोचलेलो नाही.

आणि हे सगळं झाल्यावर तुम्हीच सांगितलंत की टेक्ससचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ मध्ये याच तलावात बॅरी सेंट क्लेअरना मिळाला, तेव्हा ते क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी बसले होते! मुलगा म्हणाला, मग काठ्या कशाला बदलायच्या? तुम्ही खो खो हसलात. तेवढ्यात तुमच्या बोटीवरच्या मंडळींनी हाका मारल्या, "पुढच्या शनिवारी आणा" म्हणून काठी त्याच्या हातात ठेवलीत आणि गेलात. पुढच्या शनिवारी त्याला ताप होता. नंतर तुम्ही दिसला नाहीत.

त्या काठीवर एप्रिलमध्ये त्याला बास मिळाला. १७ इंच. दोन उड्या मारल्या त्याने, काठी नुसती वाकत राहिली आणि गळ सुटला नाही. माझ्या डोक्यात तोवर आगरी मसाला, लसूण, तव्यावरचं तेल! पण फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावाच लागतो. सोडला. सोडताना पोराने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, की आई आता काही बोलते का. मी फक्त फोटो काढला.

तर काका, मनापासून आभार. काठी दाराआड उभी आहे, कोरडी पुसून ठेवलेली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सातपासून आम्ही त्याच धक्क्यावर असतो, डब्यात घावणे असतात. चपलेचा नंबर तेवढा कळवा.

तुमची,
धक्क्यावरची ताई