जीव वाचला, पण उपचार अर्धवट राहिले

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी प्लास्टिक सर्जन आहे. गुप्तांगांवरची त्वचा गमावलेले रुग्ण माझ्याकडे येतात, बहुतेक वेळा फार उशिरा. दुखणे अवघड जागेचे, त्यामुळे ते स्वतः बोलत नाहीत आणि घरचेही विषय टाळतात. त्यांच्यासाठी मोर्चा कोण काढणार? म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

फोर्नियर गँगरीनचेच घ्या. १८८३ मध्ये फ्रेंच डॉक्टर फोर्निये यांनी वर्णन केलेला, गुप्तांगांभोवतीची त्वचा सडवणारा हा आजार. मधुमेह असलेल्यांना धोका जास्त. गुदद्वाराजवळच्या गळवापासून किंवा मूत्रमार्गातल्या संसर्गापासून सुरुवात होते आणि जंतू त्वचेखालून झपाट्याने पसरतात. सडलेला भाग ताबडतोब कापून काढला नाही तर माणूस दगावतो. वृषणांना रक्त पोटातून येणाऱ्या वेगळ्या धमन्यांतून मिळते, म्हणून ते बहुधा वाचतात. त्यांच्यावरची पिशवी मात्र गेलेली असते. रोजचे ड्रेसिंग, बसता-उठता वेदना, आणि या अवस्थेत धोका टळला म्हणून रुग्णाला घरी पाठवले जाते. मला हे मान्य नाही; गेलेली त्वचा पुन्हा उभी करणे हाही उपचाराचाच भाग आहे.

योनिमुखाचा कर्करोग काढल्यानंतर, भाजल्यानंतर, यंत्रात कपडे अडकून कातडी सोलली गेल्यावर हीच वेळ येते.

जखम लहान असेल तर उरलेली त्वचा ओढून शिवता येते; अंडकोशाची, म्हणजे वृषणांवरच्या पिशवीची, त्वचा तशी लवचिक असते. मोठ्या जखमेवर पातळ त्वचारोपण करता येते, पण ते आकसते आणि रेडिएशन झालेल्या जागी नीट धरत नाही. तिथे फ्लॅप लागतो: मांडीची किंवा जांघेची त्वचा व चरबी, गरज पडल्यास स्नायूही, रक्तवाहिनीसकट वळवून जखमेवर आणायचा. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिंगापूर फ्लॅपमध्ये जांघेच्या घडीजवळची त्वचा मज्जातंतूसह येते, त्यामुळे स्पर्शाची जाणीवही टिकू शकते. संसार करणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट किती मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको. फ्लॅप जाड झाला तर वृषणांना ऊब जास्त मिळते आणि शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. तेव्हा कोणाला काय करायचे, हे अनुभवी हातांनीच ठरवावे लागते.

माझे मागणे एवढेच. ही शस्त्रक्रिया शासकीय योजनांत आणि विम्यात सौंदर्योपचार म्हणून नाकारली जाऊ नये. सडलेला भाग काढणे आणि त्वचा पुन्हा उभी करणे, हा एकच उपचार मानून दोन्हींचा खर्च मंजूर व्हावा. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर लगेच प्लास्टिक सर्जनला कळवणे रुग्णालयांना बंधनकारक करा. जिथे असा सर्जन नाही, तिथून रुग्णाला कुठे पाठवायचे हे लेखी ठरवून द्या, आणि तोवर त्याला घरी सोडू नका.

आपला,
एक प्लास्टिक सर्जन