लायब्ररीवाल्या काकूंना, सगळ्यांसमोर थँक्यू

काकू, तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही "चल, कायतरीच" म्हणून चहा ठेवायला आत जाता, म्हणून इथे लिहितेय, आता पळा कुठे पळताय ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डोंबिवलीत एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर काकूंची लायब्ररी होती. एका भिंतीला दिवाळी अंक, सुशि आणि बाबा कदम, समोर मिल्स अँड बून, आणि खालच्या रॅकमध्ये आम्हा अकरावी-बारावीच्या पोरींसाठी ट्वायलाइटचे, म्हणजे त्या व्हॅम्पायरच्या लव्ह स्टोरीच्या इंग्रजी कादंब्यांचे, चारही भाग. पहिला २००५ चा, चौथा २००८ चा, आमच्यापर्यंत पोचेपर्यंत पानं मऊ झालेली. पावसाळी फोर्क्स गाव, सतरा वर्षांची बेला, आणि एडवर्ड, जो पण सतराचाच, फक्त १९१८ पासून सतराचा, कारण स्पॅनिश फ्लूने मरता मरता त्याला व्हॅम्पायर केलेलं. आम्ही वेड्या झालो होतो अक्षरशः. आणि बाकी सगळे हसायचे, भाऊ म्हणायचा उन्हात चमकणारं भूत, आई म्हणायची असलं वाचून डोकी फिरतात, क्लासमध्ये तर पुस्तक जप्तच झालं होतं.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही चारही भाग घरी नेऊन वाचलेत!! त्यासाठी हे पत्र खरं तर.

आणि मग काउंटरवर बसून भांडायचात माझ्याशी. तिसऱ्या भागात, एक्लिप्समध्ये, बेलाला तिच्या मित्राला, जेकबला, भेटायला जायचं असतं आणि एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनातला पार्टच काढून ठेवतो. जेकब लांडगा होणारा, धोका आहे म्हणे. ती चिडते, वर जाऊन खिडकी धाडकन लावते, कारण तोच म्हणालेला असतो की खिडकी बंद दिसली तर मी आज येणार नाही, समजून घेईन. आणि थोड्या वेळाने स्वतःच उठून ती खिडकी सताड उघडते. मला हे जाम रोमँटिक वाटायचं. तुम्ही चष्मा वर करून एवढंच विचारलंत, "का उघडली गं तिने?" मी म्हणलं प्रेम आहे ना त्याच्यावर. तुम्ही म्हणालात, "ते आहेच, पण राग कुठे गेला तिचा? पाच मिनिटांपूर्वी होता की." मला उत्तर सुचेना आणि तुम्ही पुढच्या मेंबरचं पुस्तक नोंदवायला घेतलंत.

सगळ्यात जास्त चिडला होतात ते एडवर्डवर नाहीच, चार्लीवर, बेलाच्या बापावर. जेकब तिला जबरदस्तीने किस करतो, ती त्याला ठोसा मारते आणि स्वतःचाच हात मोडून घेते, आणि बाप ऐकून जेकबलाच शाबासकी देतो. टीम एडवर्ड टीम जेकब खेळणाऱ्या आम्ही, हा परिच्छेद आमच्या डोळ्याखालून कितीदा गेला असेल, कोणी थांबलंच नव्हतं. तुम्हाला दोन मुली, तुम्ही थांबलात. नंतर तोच जेकब मी लढाईत मरून जाईन म्हणत तिच्याकडून किस मागून घेतो, तेव्हा तर तुम्ही पुस्तक आपटलंच होतं (लायब्ररीचं पुस्तक!).

आणि दुसरा भाग, न्यू मून. एडवर्ड बेलाला सोडून जातो आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, नुसती महिन्यांची नावं छापलेली कोरी पानं. मला ती पानं बघून रडू यायचं. तुम्ही म्हणालात, छान केलंय, पण ह्या मुलीला तो नसताना काय आवडतं ते मला दोन भाग वाचून पण कळलं नाही. मग माझ्याकडे बघून, "तुझं कथ्थक कसं चाललंय?" कथ्थक मी तेव्हा सोडलं होतं, कारण एकाला क्लासची वेळ पटत नव्हती. तुम्हाला ते माहीत नव्हतं बहुतेक. की होतं?

तर तो एक. नाव नको. फेसबुकचा पासवर्ड त्याच्याकडे, कुठली लोकल पकडली ते कळवायचं, लेडीज डब्यातला आवाज ऐकवायचा वगैरे, आणि मी सगळ्यांना सांगायचे की किती काळजी करतो बघा. भिवपुरीला धबधब्यावर मैत्रिणींबरोबर जायचं ठरलेलं, आदल्या संध्याकाळी त्याने "जरा चक्कर मारून येतो" म्हणून माझ्या स्कूटीची किल्ली घेतली आणि दिलीच नाही. वर हसत म्हणाला, पावसात निसरडं असतं, तुझ्याच भल्यासाठी. मी लायब्ररीत आले आणि तुम्हाला सांगता सांगता मध्येच गप्प झाले, कारण तो इंजिनाचा पार्ट आठवला. तुम्ही "बघ, मी म्हणलं नव्हतं" असं काहीही बोलला नाहीत. काकांना हाक मारलीत. काका माझ्याबरोबर आले, त्याच्या बिल्डिंगच्या गेटपाशी नुसते उभे राहिले, एक शब्द नाही, आणि किल्ली मिळाली. सकाळी पावणेसातची गाडी पकडली मी. ब्रेकअप व्हायला त्यानंतर पण बरेच महिने गेले, पिक्चरसारखं एका दिवसात काही झालं नाही, आणि तेवढे महिने तुम्ही एकदाही "अजून आहे का तो" असं विचारलं नाहीत, फक्त कथ्थकचं विचारत राहिलात.

मला अजूनही ट्वायलाइट आवडतं, हे लिहूनच ठेवते. सगळं बेलाच्या तोंडून येतं म्हणून तिला जे प्रेम वाटतं ते आपल्यालाही प्रेमच वाटतं, त्यात त्या पोरीची काय चूक आणि वाचणारीची तरी काय. आणि एडवर्ड पुढे त्याच भागात माघार घेतो, स्वतः गाडीने तिला जेकबच्या हद्दीपर्यंत सोडतो, हे पण तुम्हीच मला दाखवलं होतंत, "बघ, सुधारायचं असेल तर असं सुधारतात." २०२० ला मिडनाइट सन आलं, तीच गोष्ट एडवर्डच्या बाजूने, तेव्हा लॉकडाउनमध्ये तुम्हाला फोन केला होता आणि तुम्ही म्हणालात हा तर तिच्यापेक्षा घाबरट निघाला.

आता माझी भाची सारा जे. मासच्या पुस्तकांच्या मागे आहे, अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस. ताई म्हणते बंद कर तिचं वाचन. मी म्हणलं थांब, आधी मी वाचते. पहिल्या भागात जो टॅमलिन हिरो असतो तोच दुसऱ्यात हिरॉइनला, फेयराला, काळजीपोटी घरात कोंडून ठेवतो, आणि भाची म्हणते मावशी, मला पहिल्याच भागात डाउट आला होता. मला नव्हता आला!

दोन्ही भाग कुरिअरने पाठवतेय, पत्ता तोच ना? थोडं चावट आहे, काकांच्या हाताला लागू देऊ नका. आणि त्या कोंडण्याच्या सीनपर्यंत पोचलात की लगेच फोन करा, त्यातल्या दुसऱ्या हिरोबद्दल, रायसँडबद्दल, मला तुमच्याशी भांडायचंय.

तुमची,
दोन पुस्तकांच्या कार्डावर तीन नेणारी