नवव्या फ्रेममधली दहा नंबरची पिन

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

बोलिंगची फायनल संपली तशी तू बूट बदललेस आणि मैत्रिणीबरोबर निघून गेलीस. बक्षीस समारंभाला थांबली नाहीस. दुसऱ्या दिवशी पहाटेच हॉस्टेलची गाडी पकडलीस. मधल्या वेळात माझ्याशी एवढंच बोललीस, "बाबा, माझे सहा स्ट्राइक होते, त्यांचे तीन. मग मी हरले कशी?" पहिल्याच बॉलमध्ये दहाही पिना पाडणं म्हणजे स्ट्राइक, ते तू सहा वेळा केलंस आणि तरी हरलीस. मी गप्प राहिलो, कारण त्या क्षणी मलाही ते नीट सांगता आलं नसतं. तू गेल्यावर स्कोअरबोर्डाचा फोटो समोर ठेवून दोघींच्या दहाही फ्रेम, म्हणजे दोन-दोन बॉलचे दहा डाव, कागदावर मांडल्या. तेच तुला लिहायला बसलो आहे.

तुझे 182, त्या बाईंचे 193. फायनल स्क्रॅच होती, हँडिकॅपचा, म्हणजे कमकुवत खेळाडूला मिळणारा वाढीव, एक पॉइंटही कोणाच्या पदरात नव्हता. चौथ्या फ्रेमअखेर दोघींचे 77. सातव्याअखेर दोघींचे 134. आठव्याअखेर 153 आणि 153. मी तीन वेळा बेरीज करून पाहिली. दहाव्या फ्रेमलाही दोघींनी सारखेच 20 घेतले. राहिली नववी. तिथे त्यांचे 20 आणि तुझे 9. अकरा पॉइंटांचा फरक तो हाच.

ती नववी फ्रेम माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुझा पहिला बॉल पॉकेटमध्ये, एक आणि तीन नंबरच्या मधे, हवा तसा शिरला. मी तर खुर्चीतून अर्धा उठलो होतो. नऊ पिना गेल्या आणि उजव्या कोपऱ्यात दहा नंबर जरा डुलून जागच्या जागी उभी राहिली. यात तुझी चूक नव्हती, हे आधी सांगतो. उत्तम स्ट्राइकमध्येही बॉल स्वतः चारच पिनांना लागतो: एक, तीन, पाच आणि नऊ. बाकीच्या सहा पिनांना पिनाच पाडतात. दहा नंबरला पाडायचं काम सहा नंबरचं, आणि ती या वेळी दहाच्या मानेजवळून वळसा घालून गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या पन्हळीत, गेली. असं चांगल्या चांगल्यांचं होतं.

पण मग तू तोच बॉल उचललास. चौथ्या फ्रेमलाही हीच पिन उरली होती आणि त्याच बॉलने तू मारायला गेली होतीस. तेव्हा तो वळून तिच्या डाव्या अंगाने निघून गेला होता. सकाळपासून चाळीसेक खेळाडूंचे बॉल त्या लेनवरून गेले होते, जाताना लेनवर लावलेलं तेल पुसून नेत होते. कोरड्या लाकडावर हुक, म्हणजे बॉलचं वळणं, वाढणारच. ते तुझ्या मनात राहिलं असणार, म्हणून नवव्याला तू जास्तच उजवीकडे धरलंस आणि बॉल पिनेच्या थोडा अलीकडे गटरमध्ये उतरला. पिन मधे एकटी उभी असेल तर साडेआठ इंचांचा बॉल आणि पावणेपाच इंचांचं पिनेचं पोट मिळून सव्वातेरा इंचांची मोकळीक असते. कोपऱ्यातल्या दहा नंबरला एका बाजूला गटर, म्हणजे त्यातली पाव भागाहून जास्त मोकळीक गेलीच. तिथे वळणारा बॉल घेऊन जायचं म्हणजे अवघड काम आणखी अवघड करायचं.

मग त्या बाई आल्या. त्यांचीही दहा नंबरच उरली! त्यांनी घाई केली नाही. रॅकवरचा दुसरा, साध्या प्लास्टिकचा बॉल घेतला, टॉवेलने पुसला, अ‍ॅप्रोचवर (बॉल टाकण्याआधी चालत यायच्या पट्टीवर) पार डावीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि लेनच्या मधल्या बाणावरून तिरका सोडला. प्लास्टिक तेलावरही सरळ जातं आणि कोरड्यावरही. बॉल रेघ ओढल्यासारखा गेला. पिन पडल्याचा आवाज मोठा नव्हता, टाळ्याही चारदोनच वाजल्या. सामना तिथे संपला होता, पण हॉलमध्ये ते कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. मला तर मुळीच कळलं नाही.

ती पिन तू घेतली असतीस तर काय झालं असतं, तेही मांडलं. नवव्या फ्रेमचे 9 चे 20 झाले असते, आठव्या स्ट्राइकलाही एक पॉइंट वाढून मिळाला असता. 194. एका पॉइंटाने तू जिंकली असतीस. हे तुला टोचायला लिहीत नाही. तू किती जवळ होतीस ते तुला ठाऊक असावं, म्हणून लिहितो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. एखाद्याने पूर्ण गेममध्ये एकही स्ट्राइक मारला नाही, दर फ्रेमला नऊ पाडून दुसऱ्या बॉलने उरलेली एक उचलली (अशा स्पेअरला पुढच्या एका बॉलचे पॉइंट मिळतात), आणि दहाव्यातला शेवटचा बॉलही नऊचा टाकला, तर त्याचे 190 होतात. तुझ्या सहा स्ट्राइकांच्या 182 पेक्षा आठ जास्त. स्ट्राइकला पुढच्या दोन बॉलचे पॉइंट मिळतात खरे, पण पुढची फ्रेम ओपन गेली, म्हणजे दोन्ही बॉलनंतरही पिन उरली, की मागचा स्ट्राइकही उपाशी राहतो. तुझ्या तीन फ्रेम ओपन गेल्या. सहाव्याचं मी धरतच नाही, चार आणि सहा नंबरचा स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून लांब उरलेल्या पिना, मोठमोठ्यांना जमत नाही. चौथी आणि नववी मात्र तुझ्या हातातल्या होत्या. त्या बाईंची एकही फ्रेम ओपन नव्हती. आठव्याला तर त्यांच्या तीन, सहा आणि दहा अशा तीन पिना उरल्या होत्या, त्याही त्यांनी एका बॉलमध्ये उचलल्या.

यात माझाही वाटा आहे, बाळा, आणि तो मला बोलून दाखवायचा आहे. तीन वर्षं मी तुला सरावाला नेतो आहे. घरी येताना रोज मी एकच विचारलं, "आज किती स्ट्राइक?" स्पेअर किती झाले हे मी कधी विचारलं नाही. तू दहा नंबर उचललीस तेव्हा मी फोनमध्ये बघत असायचो आणि स्ट्राइक पडला की उभं राहून टाळ्या वाजवायचो. तू तेच शिकलीस जे मी मोजलं. प्लास्टिकचा बॉल घ्यायचा का, असं तू मागच्या वर्षी विचारलं होतंस, आणि "एकच बॉल नीट हाताला बसू दे" म्हणून मीच तुला थांबवलं होतं. हे मला फार लागून राहिलं आहे.

तुझं दुसरं बक्षीस मी घेतलं. समारंभ आटोपला, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, आणि मी तुझी बॅग घ्यायला लेनकडे गेलो तर त्या बाई तिथेच होत्या. करंडक खुर्चीवर ठेवला होता, मनगटाचा पट्टा अजून सोडला नव्हता. समोर दहाही पिना लागलेल्या, आणि त्या बाकीच्या नऊंना हात न लावता फक्त दहा नंबर मारत होत्या. सहा बॉल मी मोजले. चारदा एकटी दहा पडली, एकदा सहा नंबर सोबत गेली, एकदा गटर. गटर गेला तेव्हा त्यांनी पायाकडच्या टिपक्यांवर नजर टाकली, एक बोर्ड, म्हणजे एका फळीइतक्या, सरकल्या आणि पुन्हा टाकला.

मी अभिनंदन केलं. त्यांनी तुझी चौकशी केली. म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा बॉल पिनांमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी जोरात शिरतो. सातव्या-आठव्याला ती लागोपाठ दोन स्ट्राइक मारत होती तेव्हा मी तिच्या लेनकडे बघायचंच बंद केलं. बघितलं असतं तर हात थरथरला असता." हे त्यांनी तुला सांगायला सांगितलं आहे, म्हणून शब्दन् शब्द लिहिलं.

सुट्टीला येशील तेव्हा तुझ्या बॅगेत दुसरा बॉल असेल. तुझ्या बोटांचं माप माझ्याकडे आहे, पण भोकं तू आल्यावर तुझ्यासमोरच पाडून घेऊ. पहिल्या दिवशी स्कोअर लावायचा नाही. दहाही पिना उभ्या ठेवायच्या आणि तू कोपऱ्यातली एकच मारायची. मी कागद-पेन्सिल घेऊन मागे बसेन आणि तेवढीच मोजेन.

तुझे,
बाबा