विषय: आपोआप होणाऱ्या लिंक बंद करण्याबाबत – चौथी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

तुमच्या विकीची, म्हणजे टिपणांच्या ॲपची, 'स्मार्ट लिंक' काय करते हे तुम्हाला सांगायला नको: एखाद्या पानाचं नाव मजकुरात दिसलं की तिथे त्या पानाची लिंक घालते. मागच्या अपडेटनंतर ती न विचारता सुरू झाली आणि बंद करायचं बटणच नाही. मी कर सल्लागार आहे, त्यामुळे माझ्या विकीत 'कर' नावाचं पान असणारच. आता अकरा वर्षांच्या टिपणांत जिथे क आणि र शेजारी आले तिथे निळी रेघ. लवकर, नोकरी, करार, प्रकरण, भाकरी. माझ्या निम्म्या अशिलांची आडनावं चिपळूणकर, कोल्हापूरकर अशी; त्या सगळ्यांचा शेवट निळा.

निळ्यावरच भागलं असतं तर गप्प बसलो असतो. पण पीडीएफ काढली की 'करावे' मधला 'कर' वेगळा होतो आणि पुढचा काना ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळतो. असं एक पत्र अशिलाला गेलं. त्यांनी विचारलं, "प्रिंटर बिघडलाय का?"

आणि जिथे लिंक हवी तिथे नाही. 'भाडे' हे पान आहे, पण 'भाड्यावर', 'भाड्याचे' तुमच्या स्मार्टला ओळखू येत नाही. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की त्याचं रूप बदलतं, हे शाळेत शिकवतात.

आता कालच्या फोनबद्दल. २६ मिनिटं. आधी सल्ला मिळाला, पानाचं नाव 'टॅक्स' ठेवा. ठेवलं. तुमच्या विकीने जुनं नाव टोपणनाव म्हणून जपून ठेवलं, लिंक जागच्या जागी. मग बराच वेळ गाणं वाजलं. मग तुमचा माणूस परत आला.

"सर, मग तो शब्द टाळून लिहा ना."
"कोणता?"
"कर."
"अहो, मग मी करू काय?"
"तेच सर. ते 'करू' पण टाळा."

मी गप्प. त्यावर तो, अगदी प्रेमाने: "अजून काही मदत करू का सर?"

त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्यासमोर जे लिहून ठेवलंय ते तो वाचतो. ते लिहिणाऱ्याला मात्र एकदा भेटायचंय.

माझी भाची प्रोग्रॅमर आहे. तिने चहा संपायच्या आत सांगितलं: जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे ठरवणारी साधी शब्दसीमा फक्त इंग्रजी अक्षरं ओळखते, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकीय यादीत, काना-मात्रा 'अक्षर' नव्हे तर 'चिन्ह' या गटात येतात. ती चिन्हं शब्दाचा भाग धरली नाहीत की शब्द मधेच तुटतो. टिडलीविकी नावाच्या फुकटच्या विकीत इंग्रजी जोडशब्दाआधी ~ लावलं की त्याची आपोआप लिंक होत नाही, आणि अशा लिंक सेटिंगमधून पूर्ण बंदही करता येतात. मी वर्षाला ३,६०० रुपये भरतो आणि मला बटण नाही. बटण नाही, हे मी चौथ्यांदा लिहितोय.

हव्या आहेत तीन गोष्टी. बंद करायची सोय. पूर्ण शब्द जुळला तरच लिंक, काना-मात्रेसकट. आणि ज्या लिंक तुम्ही घातल्या त्या तुम्ही काढा. माझ्याकडे १,९०० पानं आहेत आणि विवरणपत्रांची ३१ जुलै तोंडावर आहे.

पंधरा दिवसांत झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो, तुमच्या शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत. नोटिसा लिहिणं माझा धंदाच आहे. वाईट एवढंच वाटतं की या विकीची शिफारस मी स्वतः सहा जणांना केली होती.

ता. क. तुमचं आपोआप आलेलं उत्तर, 'आम्ही लवकरात लवकर संपर्क करू', नोंद म्हणून विकीत चिकटवलं. एका ओळीत तीन लिंक झाल्या.