वेळासहून पत्र

वेळास,
१२ मार्च

प्रिय मन्या,

कागदावरचं पत्र बघून हसशील. पण इथे रेंज येते ती अंगणाच्या एकाच कोपऱ्यात, आणि तिथे काकूंनी सुपाऱ्या वाळत घातल्यात.

तुला वाटतं मी रोज कासवांची पिल्लं समुद्रात सोडतो. सोडतात कासवमित्र आणि बघतात पुण्या-मुंबईचे पाहुणे. मी वाळूचं तापमान मोजतो! २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे काम सुरू केलं, तोवर अंडी सर्रास चोरीला जायची. आता गावच घरटी राखतं. २०२२ला इथल्याच 'प्रथमा' नावाच्या कासविणीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसला, ते पेपरात आलं होतं. माझं काम तसं छापून येण्यातलं नाही.

पहाटे काकांबरोबर निघतो. कासविणीचा माग दिसला की काका काठी खुपसत जातात. जिथे ती अलगद आत जाते, तिथे हाताने उकरतात. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण मऊ. बोट टेकलं तरी खळगा पडतो. परवा १०७ निघाली. बादलीतून हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या जागेत, नेऊन तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरली.

खरी गोम पुढे आहे. ऑलिव्ह रिडले, म्हणजे इथल्या कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. ऊब जास्त, तर माद्या. तेही उबवणीच्या मधल्या टप्प्यात. हॅचरी उघड्या उन्हात. मग आपण वाचवतोय त्या सगळ्या माद्याच असल्या तर? पिल्लू हातात घेऊन वरून काही कळत नाही.

आणि नेमक्या त्याच टप्प्यात मी माती खाल्ली. १८व्या दिवशी लॉगरची, म्हणजे तापमान नोंदवत राहणाऱ्या यंत्राची, बॅटरी बदलली आणि तो परत सुरू करायलाच विसरलो. नऊ दिवस कोरे. सरांना फोन केला, तर ते नुसतं "हं" म्हणाले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

काकांना यातलं सगळं कळतं. काल सरळ विचारलं, "मग रे, झापं टाकू का नको?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी सरांना विचारून नवीन खड्ड्यांपैकी निम्म्यांवर माडाच्या झापांची सावली केली, निम्मे उन्हातच ठेवले. दोन्हीकडे लॉगर. या वेळी चालू आहेत, तीनदा बघितलंय.

पुढच्या शनिवारी येतोयस ना? येताना चांगल्या बॅटऱ्या आण. आणि बाकरवडी.

तुझाच,
बंड्या