कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवलेला टोफू लो-कार्ब कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन आठवड्यांपूर्वीच्या आपल्या रविवारच्या पुरवणीत 'डायबेटिसवाल्यांसाठी लो-कार्ब क्रिस्पी टोफू' अशी रेसिपी आली होती (टोफू म्हणजे सोयाबीनचं दूध फाडून केलेलं, पनीरसारखं दिसणारं, आणि लो-कार्ब म्हणजे पिष्ट-साखर कमी असलेलं), फोटो छान होता, मी कात्रण कापून फ्रिजवर पण लावलं. मग सामान काढायला बसले तर त्यात चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि वरून दोन मोठे चमचे मध! चार चमचे कॉर्नफ्लोअरचे साधारण २८ ग्रॅम कार्ब झाले आणि मधाचे ३४, म्हणजे ६२ ग्रॅम, आणि रेसिपी दोन माणसांची. आमच्या घरच्या पोळीत पंधरा ते वीस ग्रॅम धरतात. म्हणजे माणशी दीड-दोन पोळ्या खाल्ल्या काय आणि हा क्रिस्पी टोफू खाल्ला काय, सारखंच की हो.

हे एवढं हिशोबाने लिहितेय कारण गेलं वर्षभर आमच्याकडे हाच हिशोब चालू आहे. मिस्टरांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ८.२ आलं आणि डॉक्टरांनी भात, पोळी, बटाटा कमी करायला सांगितलं. आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, मग ताटातून पोळी काढली तर ठेवायचं काय? कोणीतरी म्हणालं टोफू. आणला. दोनशे ग्रॅमचं पाकीट, ऐंशी-नव्वद रुपये. पनीरसारखे तुकडे करून पालकाच्या भाजीत टाकले आणि ते पाणी सोडत बसले, भाजीला चव नाही, टोफूला तर त्याहून नाही. मिस्टर एक घास खाऊन म्हणाले, "हे ओलं थर्माकोल कुठून आणलंस?" चूक माझीच होती. टोफूला पनीर समजायचं नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आपल्या पुरवणीतपण ते कधी वाचलं नाही.

आता काय करते ते सांगते. पाकीट फोडून टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, दोन ताटांमध्ये ठेवायचा आणि वर वरवंटा. अर्ध्या तासात ताटात चांगलं पाणी जमा होतं. मग तुकडे न करता हातानेच मोडायचा, वाकडा-तिकडा, कडा खडबडीत झाल्या की मसाला त्यावर बसतो. बिडाच्या तव्यात चमचाभर तेल चांगलं तापू द्यायचं, मीठ-हळद लावलेला टोफू पसरायचा आणि मुख्य म्हणजे त्याला हात लावायचा नाही! चार-पाच मिनिटं सारखं उलथनं घालायचा मोह आवरला की खालून बदामी कवच धरतं आणि आपोआप सुटून येतं. कॉर्नफ्लोअर लागतच नाही. पाकीट आधी फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून मग वितळवलं तर अजून मजा, आत जाळी पडते आणि रस्सा स्पंजासारखा शोषून घेतो. पहिल्यांदा तो पिवळा पडलेला बघून मी खराब झाला म्हणून टाकणार होते, पण तसं काही नसतं, वितळला की परत पांढरा होतो.

आणि रस्सा म्हटलं की नाशिककराला मिसळच आठवणार. आमच्या घरात रविवारी मिसळ नाही म्हणजे कोणी आजारी आहे असा अर्थ. पावाला सुट्टी दिली, फरसाण बंद केलं, मटकी फक्त मूठभर (तिच्यातही कार्ब असतातच), आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात हा कुरकुरीत टोफू, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू, बाजूला दही. मिस्टरांचं म्हणणं, "तर्री आहे, पण मिसळ कुठेय?" तरी दोन वाट्या संपवतात. पातीचा कांदा, लसूण आणि चुरलेला टोफू असा झुणकाही करते, बेसनाच्या झुणक्याची सर नाही, खोटं कशाला बोलू, पण बेसनात निम्म्याहून जास्त कार्ब असतात आणि टोफूत १०० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम.

आपल्या त्या लेखात 'पनीरमध्ये कार्ब जास्त म्हणून टोफू घ्या' असंही होतं, तेही बरोबर नाही. पनीरमध्येही कार्ब थोडेच असतात. फरक फॅटचा आहे, पनीरात ते १०० ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर, टोफूत निम्म्याहून कमी. आमच्या मिस्टरांना कोलेस्टेरॉल पण आहे म्हणून आम्ही आठवड्यातले चार दिवस टोफू आणि एक दिवस पनीर असं ठरवलंय. ज्याला फक्त शुगर आहे त्याने उगीच पनीरला घाबरू नये.

महागाईवरचा उपाय माझ्या माहेरात निघाला. निफाड तालुक्यात भाऊ द्राक्षाच्या जोडीला सोयाबीन लावतो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे किलोला ५३ च्या आसपास, आणि तेवढा तरी हातात पडावा म्हणून शेतकरी लासलगावला नंबर लावून बसतो. तिथून माल ऑइल मिलला जातो, तेल निघतं आणि उरलेली पेंड पोल्ट्रीला. मी पोतंभर मागितलं तर भाऊ हसला, "काय ताई, कोंबड्यांचं खाद्य दाजींना घालतेस का?" पण पाव किलो सोयाबीन रात्री भिजवून, सालं चोळून काढून, मिक्सरला गरम पाण्यात वाटायचं (गार पाण्यात वाटलं की तो कच्चट वास राहतो), मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि दूध उकळायचं. याचा फेस लवकर वर येतो, उकळी आली असं वाटतं पण आलेली नसते, गॅस बारीक करून दहा-पंधरा मिनिटं नीट उकळायचंच, कच्चं सोयाबीन पोटाला चालत नाही. मग लिंबू पिळून फाडायचं आणि पनीरसारखं दाबून ठेवायचं. साडेतीनशे-चारशे ग्रॅम टोफू निघतो. किंचित आंबट लागतो, विकतच्यासारखा घट्टही नसतो, कारण कंपन्या लिंबाच्या जागी कॅल्शियम सल्फेट नाहीतर मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. उरलेला चोथा थालिपिठात जातो, फक्त ते थालिपीठ मी खाते, मिस्टर नाही.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात छापा ही विनंती. सुरुवातीला आम्ही एकदम सगळं बंद केलं आणि शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीसारखी चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला हे घामाने डबडबले, हात थरथरायला लागले, शुगर बघितली तर ५८ पर्यंत घसरलेली. साखरपाणी पाजलं, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी कमी केली आणि मला चांगलंच झापलं की आहार बदलायच्या आधी विचारायचं असतं. गोळ्या नाहीतर इन्सुलिन घेणाऱ्याने लेख वाचून स्वतःच पोळी-भात बंद करू नये. आणि माझ्यासारख्या थायरॉइडच्या गोळीवाल्या बायकांनी ती गोळी आणि सोया यात काही तास अंतर ठेवावं, सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. मी सकाळी सहाला गोळी घेते आणि टोफू थेट दुपारच्या जेवणात.

पुढच्या रविवारी त्या रेसिपीची दुरुस्ती छापाल का? कॉर्नफ्लोअर आणि मध काढून टाका, बाकी रेसिपी तशीच राहू दे. आलं-लसणाचं वाटण छान जमलं होतं त्यात, ते मी अजून वापरते.

आपली एक नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक